न दुखणारा पाय

तालुक्याच्या गावचा एसटी स्टँड, मे महिन्यातली दुपार. गाडी लागली आणि धोतर-टोपीतले एक आजोबा दांड्याला धरून सावकाश उतरले, पाणपोईच्या दिशेने चालू लागले. त्यांची उजवी चप्पल गाडीच्या पायरीवरच राहिली होती. कंडक्टरने हाक मारली, "ओ बाबा, चप्पल राहिली की!" आजोबा थांबले, खाली पाहिलं, आणि तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपला एक पाय उघडा आहे. आसपासची माणसं हसली, तेही हसले. "वय झालं आता," म्हणाले. कुणीतरी चप्पल आणून दिली आणि विषय संपला. पण डांबर इतकं तापलेलं होतं की स्टँडवरची पोरं सावली बघून पाय टाकत होती, आणि आजोबांचं उघडं पाऊल त्याच डांबरावर दहा-बारा वेळा टेकलं होतं. एकदाही ते आखडलं नाही. चाल जराही बदलली नाही. विसराळूपणाने चप्पल राहू शकते, पण विसराळू माणसालाही चटका बसतोच.

मधुमेही पायांवर काम करणारे डॉक्टर नेमका हाच प्रश्न विचारतात. चालताना चप्पल निसटली तर तुम्हाला कळतं का? पेशंटला तो प्रश्न फालतू वाटतो, कारण तो आलेला असतो वेगळीच तक्रार घेऊन. तळपायाची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरुणाचा स्पर्शही नको वाटतो. पुढे काही जणांची ती आग आपोआप कमी होते आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं. अनेकदा ते बरं होणं नसतं. आधी तक्रार करणाऱ्या नसा आता तक्रार करायच्याही थांबलेल्या असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की सगळ्यात लांबच्या नसा आधी मरतात, म्हणून बधिरपणा बोटांच्या टोकांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. त्यासोबत आणखी दोन गोष्टी बिघडतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पायातले लहान स्नायू दुबळे होतात, बोटं आखडून वाकडी होतात आणि चवड्याची हाडं खाली दबतात. मग सगळ्या शरीराचं वजन रुपयाएवढ्या जागेवर येतं. आणि घाम थांबतो. कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा पडतात, त्या भेगांतून जंतूंना वाट मिळते.

जिथे भार जास्त, तिथे कातडी जाड होते. त्याला कुणी घट्टा म्हणतं, कुणी भोवरी. पाय स्वतःला वाचवतोय असं वाटतं, पण बधिर पायात हा घट्टा चपलेत शिरलेल्या खड्यासारखा वागतो. प्रत्येक पावलाला तो आतल्या मऊ मांसावर दाबला जातो, आत रक्त साकळतं, पोकळी होते. घट्ट्यात काळपट-तांबूस ठिपका दिसला तर खाली रक्तस्राव झालेला आहे असं समजायचं. जाणकार माणसाने ब्लेडने तो घट्टा हळूहळू तासला की त्या जागेवरचा दाब सुमारे पाव हिश्शाने कमी होतो, आणि पुष्कळदा घट्ट्याखाली तयार झालेलं भोक तेव्हाच पहिल्यांदा नजरेला पडतं. हे काम घरी नेलकटरने किंवा दाढीच्या ब्लेडने करायचं नाही. मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या कॉर्न कॅपही नकोत, कारण त्यांतलं आम्ल घट्टा आणि चांगली कातडी असा फरक करत नाही.

जखम वरून दिसते तेव्हा ती आतून बरीच जुनी असते.

हे सगळं आधी कळलं ते मधुमेहामुळे नव्हे, कुष्ठरोगामुळे. पूर्वी अशी समजूत होती की कुष्ठरोग्याचं मांसच नासकं असतं, ते आपोआप झडतं. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत १९१४ मध्ये जन्मलेले पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले, आणि या समजुतीवर त्यांचा विश्वास बसेना. जखमी पाय प्लास्टरमध्ये बंद केले की वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा भरून येत होत्या. प्लास्टर काढलं, माणूस पुन्हा तसाच चालू लागला, की जखम परत. म्हणजे मांसात दोष नव्हता. दोष हा होता की पाय दुखत नव्हता, आणि न दुखणाऱ्या पायावर माणूस जखमेसकट दिवसभर चालत होता. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करताना त्यांनी प्रयोगांतून दाखवलं की एकदाच बसलेल्या मोठ्या घावाची गरजच नसते. साधाच दाब, पण त्याच जागी हजारो वेळा पडला तर तिथे दाह होतो आणि शेवटी कातडी फाटते. आपण चांगल्या पायाने लांब चालतो तेव्हा नकळत चाल बदलतो, वजन थोडं बाहेरच्या कडेवर घेतो, एखादं पाऊल हलकं टाकतो. हा बदल दुखण्यामुळेच होतो. बधिर पाय पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत त्याच जागेवर टेकत राहतो.

आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या माणसांच्या पायांकडे पाहिलं की हे समोर दिसतं. ज्याच्या पायाला फोड आलाय तो लंगडतो, बसतो, पट्टी मागतो. त्याची काळजी नाही. काळजी त्याची, जो फोड फुटून मोजा ओला झालेला असतानाही टाळ वाजवत ताठ चाललाय. कौतुकाने सगळे म्हणतात, माउलीची कृपा, काही दुखत नाही बघा यांना. श्रद्धेला बोट लावण्याचा हेतू नाही, पण अशा वारकऱ्याला मुक्कामी बसवून त्याच्या तळव्यावर बॅटरीचा उजेड टाकणं ही सुद्धा सेवाच आहे. पावसात भिजलेले मोजे दोनदा बदलायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, कारण चिखल्या झाल्या की तिथूनच सगळं सुरू होतं. आणि मोजे पांढरे घ्यायचे. पांढऱ्यावर रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. काळ्या मोज्यात तो दिवसभर लपून राहतो.

बधिर पायाला आपल्याकडच्या साध्यासाध्या सवयीच जास्त नडतात. टाचेच्या भेगांना बिब्बा लावायची जुनी रीत आहे. बिब्ब्याचा रस कातडी जाळतो. ज्याला चटका कळतो तो वेळेत हात आवरता घेतो, ज्याला कळत नाही त्याची टाच आतपर्यंत भाजते. थंडीत पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी घेतली जाते, शेकोटीला तळवे लावले जातात, सून प्रेमाने टबात कढत पाणी आणून देते. पाणी आधी कोपराने बघायचं, तेही पेशंटच्या नव्हे, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी. एसटीत ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर पाय टेकवून केलेला तीन तासांचा प्रवास, दुचाकीचा सायलेन्सर, उन्हात तापलेली देवळाची फरशी, हे सगळे भाजण्याचे ठरलेले प्रकार. देवळात चप्पल नेता येत नाही हे मान्य. मग जाड मोजे घालावेत आणि दर्शनाला पहाटे जावं. जोडवी पाय सुजल्यावर बोटात रुततात आणि सहा महिने कुणाच्या लक्षात येत नाहीत. रात्री उंदीर चावून बोट कुरतडल्याचं सकाळी चादरीवरच्या रक्तावरून कळलं, असंही घडतं. श्रावणात अनवाणी राहायचा नेम असलेल्या बाईला नुसतं 'नेम मोडा' म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. तिच्याशी बसून बोलावं लागतं आणि देवाला चालेल अशी तडजोड तिलाच शोधू द्यावी लागते.

पाय बधिर आहे की नाही हे घरच्या घरी तपासता येतं, आणि ते दर मधुमेही माणसाच्या घरात वर्षातून एकदा तरी व्हायला हवं. पेशंटने डोळे मिटून पलंगावर पाय सोडून बसायचं. दुसऱ्याने तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, एकेका बोटाच्या टोकाला, एक ते दोन सेकंद अगदी हलकं लावायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, चोळायचं नाही. दोन्ही पाय मिळून सहा जागा. पेशंटने स्पर्श कळला की 'हो' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर संवेदना कमी झाली असं धरून डॉक्टरकडे जायचं. तिथे ते १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतील, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवतील. या तपासण्यांना महागडं यंत्र लागत नाही, रक्त द्यावं लागत नाही, पाच मिनिटं लागतात. तरी बहुतेक ठिकाणी साखरेचा रिपोर्ट बघून गोळी बदलली जाते आणि पेशंटचे बूट पायातच राहतात. याचा राग येतो. पायताण काढून पाय बघणं यापेक्षा स्वस्त तपासणी वैद्यकशास्त्रात क्वचितच असेल.

आता जखम झाली म्हणून धरू. चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, आठ आण्याएवढी गोल, कडा जाड पांढुरक्या, मध्ये लाल. घरातला पहिला प्रश्न असतो, काय लावायचं? हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट, कुणाच्या तरी मामांनी दिलेलं मलम. नंतर दवाखान्यातली महागडी ट्यूब. सगळी शक्ती, सगळा पैसा त्या 'लावायच्या' गोष्टीवर जातो. आणि पट्टी बांधून घेतलेला माणूस त्याच जखमेवर पाय टेकवत रिक्षा स्टँडपर्यंत चालत जातो. तळव्यावरची जखम औषधाविना भरू शकते, पण तिच्यावरचं वजन निघाल्याशिवाय ती भरत नाही. रक्तपुरवठा चांगला असेल आणि जंतुसंसर्ग नसेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय अजूनही प्लास्टरच आहे, ब्रँड यांच्या काळातला. साधं हाड मोडल्यावर घालतात ते नव्हे. यात पायाला अगदी पातळ पॅडिंग असतं, घोट्याच्या हाडांवर आणि नडगीवर फेल्ट, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड मऊ कापड, लावतात, आणि प्लास्टर तळव्याच्या खाचाखोचांसकट पोटरीपर्यंत चिकटून बसवतात. त्यामुळे एका ठिपक्यावरचा भार अख्ख्या तळव्यावर पसरतो आणि थोडा पोटरीही उचलते. पहिलं प्लास्टर काही दिवसांतच बदलावं लागतं, कारण सूज उतरते, ते सैल होतं आणि सैल प्लास्टर आत घासून नवी जखम करतं. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलत गेलं की बहुतेक स्वच्छ जखमा सहा-आठ आठवड्यांत मिटतात.

प्लास्टरचा खरा गुण असा की ते काढता येत नाही. काढता-घालता येणारा बूट तेवढाच भार कमी करतो, पण अमेरिकेतल्या एका अभ्यासात पेशंट दिवसभरातल्या पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलं तो बूट घालून टाकत होते असं दिसलं. बाकीची घरात, स्वयंपाकघरात, रात्री बाथरूमला जाताना, उघड्या पायाने. यात पेशंटला बोल लावण्यासारखं काही नाही. जी गोष्ट दुखत नाही तिची आठवण चोवीस तास ठेवणं कुणालाच जमत नाही. प्लास्टर शक्य नसेल तर सहा-आठ मिलिमीटर जाडीचं फेल्ट जखमेभोवती चिकटवतात. ते इंग्रजी यू अक्षरासारखं, एका बाजूने उघडं कापायचं. पूर्ण गोल भोक पाडलं तर मधली कातडी फुगून भोकात उतरते आणि कडांवर दाबली जाते. फेल्ट आठवड्यात दबून चपटं होतं, मग ते असून नसल्यासारखं, म्हणून वेळेवर बदलायचं.

मग एक अडचण येते, तिच्याबद्दल डॉक्टरही नीट बोलत नाहीत. दहा वर्षं ज्या माणसाला 'रोज पाऊण तास चाला' सांगितलं, त्याला आता 'चालू नका' सांगायचं. तो भांबावतो. साखर वाढेल या भीतीने पट्टी बांधून पहाटे मैदानावर जातोच, आणि तो हे शिस्तीने करत असतो, आळसाने नव्हे. अशा माणसाला पर्याय द्यावा लागतो: खुर्चीत बसून हातांचे व्यायाम, पाण्याच्या बाटल्या उचलणं, आणि तेवढ्या काळापुरती औषधांची मात्रा वाढवणं. ज्याचं पोटच पायावर आहे त्याची गोष्ट आणखी अवघड. शेतमजूर बाई, हमाल, वॉचमन, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी. त्यांना 'दोन महिने पाय टेकवू नका' म्हणणं म्हणजे दोन महिने चूल पेटवू नका म्हणण्यासारखं होतं. प्लास्टरमध्ये निदान थोडं चालता तरी येतं, म्हणून अशांना तेच आधी सुचवायला हवं. ओट्याशी उंच स्टूल, जखमेच्या उलट्या हातात काठी, पावलं लहान, आणि शक्य तेवढी कामं बसून. एवढ्यानेही फरक पडतो.

प्लास्टर घालण्याआधी पायात रक्त पोचतंय का हे बघणं भाग आहे. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का ते बोटांनी बघतात. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब ०.९ पेक्षा कमी आला तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असते. मधुमेहात रक्तवाहिन्या कॅल्शियम साचून कडक होतात आणि हा आकडा फसवा, जास्त येऊ शकतो. १.३ च्या वर आला तर खूश व्हायचं नाही, पायाच्या बोटातला रक्तदाब मोजून घ्यायचा. विडी-तंबाखू-मशेरी चालू असेल तर पुढचं सगळं निम्म्याने वाया जातं. काळं, कोरडं पडलेलं बोट पाण्यात भिजवायचं नाही, तिथे कापाकापीची घाई करायची नाही. आधी रक्तवाहिनी उघडता येते का ते पाहायचं. (आतल्या घोट्याच्या वर, नडगीच्या बाजूला, काळवंडलेल्या कातडीत होणारी पसरट जखम हे वेगळंच दुखणं. ती शिरांची असते, तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना होते, आणि तिला खालून वर घट्ट पट्टी लागते. तीच पट्टी रक्त न पोचणाऱ्या पायाला बांधली तर पाय जातो.)

जंतुसंसर्गाच्या बाबतीत मात्र थांबायला वेळ नसतो. जखमेभोवती लाली दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरली, पाय गरम लागला, सुजला, वास आला, पू आला, किंवा एरवी काबूत असलेली साखर एकाएकी तीनशेच्या घरात गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. उद्या नाही. मधुमेह्याला ताप येईलच असं नसतं. पू आत कोंडलेला असताना नुसत्या गोळ्या खाऊन भागत नाही, तो चिरून काढावाच लागतो. जखमेत निर्जंतुक सळई घातल्यावर टणक हाड लागलं तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याचा दाट संशय धरतात. एक्स-रेमध्ये ते दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहायचं नाही. आणि एक फसवं रूप: जखम नाही, पू नाही, पण एक पाय लालबुंद, सुजलेला, हाताला गरम. यात बऱ्याचदा आतली हाडंच ढासळत असतात. त्याला शार्को पाय म्हणतात. अँटिबायोटिक देत बसलं तर महिन्या-दोन महिन्यांत तळव्याची कमान उलटी होते. त्यालाही प्लास्टरच लागतं, कित्येक महिने.

उलट स्वच्छ, लाल, वास नसलेल्या जखमेला अँटिबायोटिकची गरज नसते. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, रोजचं बीटाडीन यांनी जंतूंबरोबर नवी येणारी नाजूक पेशीही मरते. सलाईनने धुवावं, ते नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळून त्यात सपाट चमचाभराहून किंचित कमी मीठ घालून गार केलेलं पाणी चालतं. पाय त्यात बुडवून ठेवायचा नाही, नुसती धार सोडायची, टिपून घ्यायचं, ओलसर गॉज, वर कोरडं गॉज. दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावा. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं झालं नाही तर तेच ड्रेसिंग पुढे रेटण्यात अर्थ नाही. भार, रक्त, हाड, साखर, या चारपैकी कुठेतरी काहीतरी चुकतंय.

जखम भरली की घरात पेढे वाटले जातात, आणि वाटावेतच. पण भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात परत उघडतात. कारण पाय अजूनही बधिरच आहे, हाड अजूनही तिथेच टोचतंय. म्हणून रोज रात्री झोपण्याआधी तळवा बघायचा, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. नजर अधू असेल तर नातवाला कामाला लावायचं. टाचेला खोबरेल लावायचं, बेचक्यांत नाही. आणि चप्पल. कुष्ठरोग्यांसाठी जे सूक्ष्म छिद्रांचं मऊ रबर वापरात आलं, एमसीआर म्हणतात ते, तेच इथे लागतं. आतला थर मऊ, बाहेरचा सोल कडक, मागे पट्टा, वर वेल्क्रो, आणि एकही खिळा नाही. सगळं चिकटवलेलं किंवा शिवलेलं. अंगठ्यात अडकवायची चप्पल नको, ती धरून ठेवायला बोटं आखडावी लागतात आणि पट्टी बेचकीत घासते. मऊ थर अंगठ्याने दाबून बघत राहायचा. तो परत वर उठेनासा झाला की जोड बदलायचा. घरातला जोड वेगळा, पलंगाशेजारी ठेवलेला. घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवायचा. माप संध्याकाळी द्यायचं, कारण तोवर पाय थोडा सुजलेला असतो. कागदावर उभं राहून पायाची आकृती काढायची, ती कापून चपलेत घालून बघायची; कागद कडेला मुडपला तर चप्पल अरुंद आहे, ती घ्यायची नाही. नवा जोड पहिल्या दिवशी तासभरच घालायचा आणि काढल्यावर तळवा बघायचा. कुठे लालसर डाग उमटला असेल आणि वीस मिनिटांनंतरही तो तसाच असेल, तर चांभाराकडे जाऊन नेमक्या त्या जागेचं रबर आतून खरवडून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर घालून बघायचं.